मैदान उठल्यावर गांवांत काय उरतें?

सोलापुराहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येडशी आणि येरमाळा मागें टाकून धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यांत शिरला कीं, थोड्याच वेळांत तेरखेडा हें गांव लागतें. ज्वारी, तूर आणि सोयाबीन पिकविणाऱ्या या माळरानावर तेरखेड्याचें नांव दूरवर झालें आहे, तें मात्र शेतीमुळें नव्हे, शोभेच्या दारूमुळें. भुईनळे, बाण, लहानमोठे फटाके करणारे कारखाने गांवाच्या आसपास आहेत, आणि महामार्गाच्या कडेला फटाक्यांचीं दुकानें मांडलेलीं दिसतात. दिवाळी जवळ आली कीं भोंवतालच्या जिल्ह्यांतील छोटे व्यापारी येथें माल भरावयास येतात. दिवाळी सरली कीं गर्दी ओसरते, आणि रस्त्यावरून जाणारी वाहनें न थांबतां पुढें निघून जातात.

२०२३ सालीं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलें. त्यानंतर अवघ्या कांहीं दिवसांनीं धाराशिव शहरांत महाराष्ट्र केसरी या किताबाच्या कुस्त्यांचें मैदान भरलें. बीड आणि छत्रपति संभाजीनगर या बाजूनें महामार्गानें धाराशिवकडे येणाऱ्या मोटारीची वाट तेरखेड्यावरूनच आहे. आणि याच सुमारास, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं, महाराष्ट्र शासनानें राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्यांत या जिल्ह्यांतील वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तीन तालुके होते. म्हणजे तेरखेडा ज्या तालुक्यांत आहे तो आणि मैदान ज्या तालुक्यांत भरलें तो, असे दोन्ही दुष्काळी ठरलेले. पाऊस न झालेल्या मुलखांत एवढा मोठा क्रीडोत्सव भरवावा कीं नाहीं? भरवला तर त्यापासून जिल्ह्याच्या पदरांत काय पडतें? आणि मैदान उठून पाहुणे परतले म्हणजे गांवांत काय उरतें? याच प्रश्नांचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

खेळ आणि बाजार यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाहीं. गांवच्या जत्रेचा जुना क्रम श्रोत्यांपैकीं अनेकांच्या ओळखीचा असेल. पहिल्या दिवशीं देवाची पालखी, दुसऱ्या दिवशीं कुस्त्यांचा फड. सकाळीं नारळावर आणि रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या लागतात, आणि दिवस कलतां कलतां मोठ्या इनामाची शेवटची निकाली कुस्ती होते. पंचक्रोशींतील माणूस ती कुस्ती पाहिल्यावांचून हलत नाहीं. तो थांबला म्हणजे त्याला भूक लागते, चहा लागतो, मुलांसाठीं खेळणें आणि घरच्यांसाठीं बांगड्या घ्याव्याशा वाटतात. हलवाई, कासार, पाळणेवाला, भेळवाला या सर्वांचा धंदा त्या शेवटच्या कुस्तीवर अवलंबून असतो. देवाच्या पायांशीं माणूस क्षणभर टेकतो; फडावर तो दिवसभर बसतो. जत्रेच्या पंचांना हें अर्थशास्त्र कोणीं शिकविलें नव्हतें, परंतु तें त्यांना पक्कें ठाऊक होतें, म्हणूनच मोठी कुस्ती ते शेवटीं ठेवीत.

कोल्हापुरांत हाच विचार मोठ्या प्रमाणावर झाला. राजर्षि शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबाग मैदान १९१२ सालीं उभें राहिलें. मातीचा हौदा मध्यें आणि भोंवतीं चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना असल्यानें हजारों माणसांना कुस्ती सारखीच दिसते. त्या मैदानाच्या आधारानें उत्तरेकडील नामांकित मल्ल कोल्हापुरांत येऊं लागले, पेठापेठांतून तालमी भरूं लागल्या, आणि पैलवानाच्या खुराकासाठीं दूध, तूप, बदाम यांचा व्यवहार वाढला. खासबागेंत रोज कुस्त्या होत नाहींत. तरी कोल्हापूर म्हणतांच कुस्ती आठवते, आणि महालक्ष्मीच्या दर्शनाला आलेला परगांवचा माणूस सवड काढून तें मैदान पाहून जातो. एका मैदानानें शहराला शंभर वर्षें पुरेल अशी ओळख मिळवून दिली. क्रीडोत्सवापासून एखाद्या मुलखाला होणाऱ्या लाभांत हा लाभ सर्वांत टिकाऊ म्हणावा लागेल.

महाराष्ट्र केसरीचें मैदान कोल्हापूरच्या खासबागेसारखें एका जागीं बांधलेलें नाहीं. १९६१ सालीं औरंगाबादेस पहिला किताब दिनकर दह्यारी यांनीं जिंकला, तेव्हांपासून हें मैदान गांवोगांव फिरत आलें आहे. २०१८ सालीं तें जालन्याला होतें, २०२२ सालीं साताऱ्याला, २०२३ च्या जानेवारींत पुण्याच्या कोथरूडला. जिल्ह्याजिल्ह्यांच्या आणि शहरांच्या तालीम संघांचे पैलवान निरनिराळ्या वजनगटांत, मातीवर आणि गादीवर, अशा दोन विभागांत लढतात. माती आणि गादी यांच्या विजेत्यांत शेवटीं किताबाची कुस्ती होते. धाराशिवच्या मैदानांत ही शेवटची कुस्ती शिवराज राक्षे आणि हर्षवर्धन सदगीर या दोन मल्लांत झाली. दोघेही पूर्वीं हा किताब मिळविलेले. राक्षे यांनीं ती जिंकली आणि चांदीची गदा खांद्यावर घेतली.

आतां अशा मैदानाचा खर्च आणि उत्पन्न यांचा हिशेब कसा मांडावा? प्रत्येक संघाबरोबर पैलवान असतात, वस्ताद असतात, व्यवस्थापक असतात. शिवाय पंच, वैद्य, वार्ताहर आणि बक्षिसें देणारे मान्यवर. त्यांच्या मागोमाग हजारों प्रेक्षक. या सर्वांना राहावयास जागा हवी, जेवण हवें, वाहन हवें. पैलवानाचें जेवण म्हणजे काय, हें ज्याच्या घरीं एखादा पैलवान पाहुणा उतरला असेल त्याला सांगावयास नको! मंडपवाला, वीजवाला, ध्वनिक्षेपकवाला, फुलवाला, दूधवाला, रिक्षावाला अशा पुष्कळांच्या हातांत चार दिवस पैसा खेळतो.

परंतु हातांत आलेला पैसा गांवांत राहतो किती, हा खरा प्रश्न आहे. एक साधें गणित घ्यावें. बाहेरच्या पाहुण्यानें धाराशिवांत शंभर रुपये खर्च केले. ज्याला ते मिळाले त्यानें त्यांतील निम्मे पुन्हा जिल्ह्यांतच खर्च केले, दुधाला, ज्वारीला, मजुरीला. दुसऱ्यानें आपल्या पन्नासांतील निम्मे तसेच खर्च केले, तिसऱ्यानें पंचविसांतील निम्मे. असा फेरा शेवटपर्यंत चालला तर मूळ शंभर रुपयांतून जिल्ह्यांत एकूण दोनशें रुपयांचा व्यवहार घडतो. पण प्रत्येक हातांतून निम्म्याऐवजीं चौथाईच रक्कम जिल्ह्यांत राहिली, तर तोच व्यवहार एकशें तेहतिसांवर थांबतो. मंडप पुण्याचा, आचारी मुंबईचे, दूध पिशवींतलें आणि पाणी बाटलींतलें, अशी व्यवस्था झाली तर जिल्ह्याच्या वांट्याला धूळ आणि कचरा येतो. खवा वाशी-भूम भागांतला, भाकरी बचत गटाच्या बायकांच्या हातची आणि मंडप तालुक्याच्या गांवचा, अशी व्यवस्था झाली तर त्याच शंभर रुपयांचें मोल वाढतें. पाहुणे किती आले याबरोबर, त्यांचा रुपया किती घरें फिरून बाहेर पडला, हेंही मोजावयास हवें.

याच वर्षीं भारतांत क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा झाली. ५ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर २०२३ या काळांत दहा शहरांत ४८ सामने झाले. त्यांत मुंबईचें वानखेडे आणि पुण्याजवळचें गहुंजे ही महाराष्ट्रांतील दोन मैदानें होतीं. मैदानांत येऊन सामने पाहणाऱ्यांची संख्या साडेबारा लाखांवर गेली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें मागाहून प्रसिद्ध केलेल्या अहवालांत या स्पर्धेमुळें भारताच्या अर्थव्यवस्थेंत सुमारें १३९ कोटी डॉलरांची, म्हणजे ११,६०० कोटी रुपयांहून अधिक, भर पडल्याचें म्हटलें आहे. त्यांपैकीं सुमारें ८६ कोटी डॉलर प्रवास, निवास, खाणेंपिणें अशा पर्यटनाच्या मार्गानें यजमान शहरांत आले, असा त्यांचा हिशेब आहे. आंकडे मोठे आहेत आणि ते ऐकून कोणत्याही नगराध्यक्षाच्या तोंडाला पाणी सुटेल. परंतु हा हिशेब स्पर्धेच्या मालकांनींच मांडविलेला आहे, हें ध्यानांत ठेवावें. लग्न किती थाटाचें झालें हें वरपित्याला विचारूं नये, अशांतलाच हा प्रकार.

अर्थशास्त्राचे अभ्यासक अशा हिशेबांतून तीन गोष्टी वजा करावयास सांगतात. पहिली गोष्ट अशी कीं, गांवच्याच माणसानें मैदानांत खर्च केलेला पैसा नवा नसतो. धाराशिवच्या गृहस्थानें कुस्ती पाहावयास गेल्यावर भजीं खाल्लीं, तर त्या दिवशीं त्यानें बाजारांतलें दुसरें कांहीं घेतलें नाहीं, इतकेंच. बाहेरून आलेल्याचा पैसा तेवढा खरी भर. दुसरी गोष्ट अशी कीं, गर्दीला भिऊन नेहमींचे पाहुणे येत नाहींत. ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यांत २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३ या काळांत झाल्या. महाराष्ट्राच्या खेळाडूंनीं त्यांत ८० सुवर्णपदकांसह २२८ पदकें मिळवून पहिला क्रमांक पटकावला, ही आनंदाची गोष्ट. पण पाऊस सरल्यावर गोव्याचा पर्यटनाचा हंगाम तसाही सुरू होतच असतो. जेथें खोल्या आधींच भरतात तेथें खेळाडूनें अडविलेली खोली दुसऱ्या पाहुण्याला मिळत नाहीं. तेवढा लाभ हिशेबांतून वजा होतो. तिसरी गोष्ट वर सांगितलेलीच, म्हणजे बाहेरून आलेला पैसा बाहेरच निघून जाणें.

यावरून एक उलटा वाटणारा निष्कर्ष निघतो. ज्या जागीं पाहुण्यांची रीघ आधींच लागलेली आहे तेथें क्रीडोत्सवाची भर थोडी. ज्या जागीं खोल्या रिकाम्या आणि हात मोकळे आहेत तेथें भर अधिक. धाराशिव जिल्हा दुसऱ्या प्रकारांत मोडतो. नीति आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादींत त्याचें नांव आहे. दसरा-दिवाळी झाली कीं येथील कितीतरी कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीला घराबाहेर पडतात. घरीं राहून चार दिवसांची का होईना मजुरी मिळाली तर ती येथें जितकी उपयोगी पडेल, तितकी पुण्यामुंबईंत पडणार नाहीं.

मात्र चार दिवसांच्या मजुरीसाठीं चाळीस वर्षांचें कर्ज काढणें शहाणपणाचें नव्हे. कॅनडांतील माँट्रियल शहरानें १९७६ सालीं ऑलिंपिक सामने भरविले. त्यांच्या मुख्य मैदानाचें कर्ज फिटावयास २००६ साल उजाडलें. अथेन्सनें २००४ च्या सामन्यांसाठीं उभारलेल्या कित्येक वास्तू पुढें ओस पडल्या. उलट लॉस एंजेलिसनें १९८४ सालीं जुनींच मैदानें आणि विद्यापीठांचीं वसतिगृहें वापरलीं, आणि शिल्लक राखून दाखविली. बार्सिलोनानें १९९२ च्या निमित्तानें आपला समुद्रकिनारा मोकळा आणि सुंदर केला. सामने संपले, पण किनारा राहिला, आणि त्यामागोमाग प्रवासी येत राहिले. आपल्याकडे पुण्याजवळ बालेवाडीचें क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठीं बांधलें गेलें. तेथेंच २००८ सालीं राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, पुढें आंतरराष्ट्रीय टेनिसचे सामने झाले. एकदां केलेला खर्च पुन्हापुन्हां उपयोगी पडला. या उदाहरणांतून नियम असा निघतो कीं, पाहुण्यांसाठीं केलेली गोष्ट पाहुणे गेल्यावर घरच्यांच्या कामीं येत असेल तरच ती करावी.

या कसोटीला कुस्तीचें मैदान चांगलें उतरतें. त्याला हवी असते ती माती, गादी, मंडप आणि बसावयाच्या पायऱ्या. खोखोचें तर त्याहून सोपें. सपाट जागा आणि दोन खांब मिळाले कीं खेळ उभा राहतो. आणि खोखोंत धाराशिव जिल्ह्याचें नांव देशांत घेतलें जातें. येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या महिला संघानें २०१६ सालीं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें, आणि २०२० सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्यें नव्या दिल्लींत खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही विभागांत भारतानें नेपाळला हरवून अजिंक्यपद घेतलें. ज्या खेळाला महाग साहित्य लागत नाहीं त्या खेळांत कोरडवाहू मुलखांतील मुली जगाच्या पुढें जाऊं शकतात, हें यावरून दिसतें. अशा खेळांच्या स्पर्धा जेथें खेळाडू घडतात तेथेंच भरविल्या, तर बाहेरचा प्रेक्षक येईल आणि गांवच्या मुलीला आपल्या अंगणांत मोठा खेळ पाहावयास मिळेल. या दुसऱ्या लाभाची किंमत रुपयांत होत नाहीं. परंतु दहा वर्षांनीं तोच लाभ पदकांच्या रूपानें दिसूं लागतो.

क्रीडोत्सवाला आलेला माणूस प्रवासी कधीं बनतो? त्याला आणखी एक दिवस थांबावेंसें वाटलें म्हणजे. आणि थांबण्यासारखें या जिल्ह्यांत पुष्कळ आहे. तुळजापूरची भवानी महाराष्ट्राच्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. नळदुर्गाच्या किल्ल्यांत बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यावरून पावसाळ्यांत नर आणि मादी या नांवांनीं ओळखले जाणारे दोन धबधबे कोसळतात. तेर हें संत गोरोबा काकांचें गांव. रोमशीं व्यापार चालत असे त्या काळच्या वस्तु तेथें सांपडल्या असून रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहांतून उभें राहिलेलें पुराणवस्तु-संग्रहालय तेथें आहे. धाराशिव शहराजवळ प्राचीन लेणीं आहेत. येडशीजवळ रामलिंगाचें देऊळ आणि अभयारण्य आहे. परंड्याचा भुईकोट आहे, कुंथलगिरीचें जैन तीर्थ आहे. आणि तेरखेड्याच्या अगदीं शेजारीं येरमाळ्याची येडेश्वरी. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत तिची पालखी आमराईंत जाते आणि लाखों भाविक चुनखडीचे खडे वेचून वाहतात.

तुळजापूरची गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. नवरात्रांत आणि अश्विनी पौर्णिमेला तेथें पाय ठेवावयास जागा नसते. भक्तनिवास, लॉज आणि यात्रेकरूंना परंपरेनें उतरवून घेणारीं पुजाऱ्यांचीं घरें त्या दिवसांत भरून जातात. पुढें मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडल्यास गर्दी ओसरते. मोठें मैदान भरवावयाचें तें अशा ओसरत्या दिवसांत, म्हणजे नव्या धर्मशाळा बांधल्यावांचून राहण्याची सोय होते आणि गोव्यांत जशी एका पाहुण्यानें दुसऱ्याची जागा अडविली तशी येथें अडविली जात नाहीं. २०२३ चें मैदान दिवाळीनंतर भरलें, ही वेळ या दृष्टीनें योग्यच होती. परंतु कुस्ती पाहून परतणाऱ्या माणसाला तेरचें संग्रहालय किती वाजतां उघडतें, लेण्यांपर्यंत वाहन जातें कीं नाहीं, नळदुर्गाहून परतीची शेवटची गाडी कोणती, हें सांगणारा एक साधा कागद हातांत मिळावयास हवा. प्रवेशाच्या तिकिटामागेंच तो छापला तर वेगळा खर्चही येणार नाहीं. पाहुण्याला वाट दाखविणें हें यजमानाचें पहिलें काम. तें झालें नाहीं तर पाहुणा कुस्ती संपतांच गाडीला किल्ली मारतो.

आतां पाण्याचा प्रश्न. दुष्काळी तालुक्यांत मैदान भरविण्यावर जो आक्षेप येतो तो खोटा नाहीं, आणि तो हंसण्यावारी नेऊंही नये. ज्या शहराला पिण्याचें पाणी लांबच्या उजनी धरणांतून आणावें लागतें त्या शहरांत एकाएकीं हजारों माणसें आलीं तर ताण पडणारच. पाहुण्यासाठीं चोवीस तास पाणी आणि शेजारच्या वस्तींत चार दिवसांनीं एकदां, असें झालें तर तो उत्सव लोकांच्या मनांतून उतरतो. परंतु दुष्काळांत सर्वांत आधीं आटतें तें मजुराच्या हातचें काम. जुन्या राजांनीं दुष्काळांत तळीं खोदविलीं, वाडे बांधविले, तें हौसेखातर नव्हे. लोकांच्या हाताला काम मिळावें म्हणून. क्रीडोत्सवही त्या नात्यानें पाहतां येईल, मात्र दोन अटींवर. पाण्याचा हिशेब आधीं जाहीर व्हावा, आणि मैदानाच्या निमित्तानें पाण्याची एखादी कायमची सोय व्हावी. प्रेक्षागृहाच्या पत्र्यांवरचें पावसाचें पाणी सांठविण्याची टाकी, जुन्या बारवेचा उपसा, मैदानाशेजारील विहिरीचें पुनर्भरण, यांपैकीं एक काम प्रत्येक मोठ्या स्पर्धेबरोबर पुरें झालें, तर पुढच्या उन्हाळ्यांत त्या मैदानाविषयीं कोणी वाईट बोलणार नाहीं.

पुन्हा तेरखेड्याकडे वळूं या. या गांवाचा मैदानाशीं दोन प्रकारें संबंध येऊं शकतो. पहिला, त्याच्या मुख्य धंद्याचा. विजयाची मिरवणूक म्हटली कीं आतषबाजी आली. दिवाळीवर अवलंबून असलेल्या कारागिराला वर्षांतून चारपांच वेळां मोठ्या मैदानांची मागणी मिळाली, तर त्याचें काम बारमाही होईल. परंतु येथें सावधगिरी हवी. शोभेची दारू हा धंदा हातावर निखारा घेऊन करावयाचा आहे. तेरखेड्याच्या कारखान्यांत स्फोट होऊन कामकरी माणसें दगावलीं आहेत, हें दुःख गांव विसरलेलें नाहीं. स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ पासून आहे आणि सध्यांचे नियम २००८ चे आहेत. कामाच्या खोल्या एकमेकींपासून दूर असाव्या, एका खोलींत ठराविकच माणसें आणि ठराविकच माल असावा, असा त्यांचा रोख आहे. हे नियम मोडतात ते बहुधा घाईंत. म्हणून मैदानवाल्यांनीं मागणी आठ दिवस आधीं न देतां दोन महिने आधीं द्यावी, आणि परवाना दाखविणाऱ्याकडूनच माल घ्यावा. ज्या उत्सवाच्या घाईपायीं एखाद्या घरची मिळवती बाई भाजून निघते, त्या उत्सवानें जिल्ह्याचें भलें केलें असें म्हणतां येणार नाहीं.

शिवाय या धंद्याचे दिवस पूर्वींसारखे राहिलेले नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें २३ ऑक्टोबर २०१८ रोजीं दिलेल्या निकालानें फटाक्यांच्या लांब माळांवर बंदी आली, आणि कमी धूर व कमी आवाज करणारे फटाकेच करावे असें ठरलें. हवेच्या आणि आजारी माणसांच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. परंतु ज्या गांवाची चूल त्या वातीवर पेटते त्या गांवाला दुसरा आधार शोधावा लागेल. मैदानाशीं येणारा दुसरा संबंध या आधाराचा आहे. येडशीपासून पुढें महामार्ग चौपदरी झाला आहे; गाड्या वेगानें येतात आणि वेगानें जातात. त्यांतील प्रवाशानें तेरखेड्याला उतरावें असें काय आहे? स्वच्छ शौचालय, सांवली, गरम भाकरी आणि पिठलें, खात्रीचा खवा आणि पेढा, एवढ्या चार गोष्टी तरी निश्चित असाव्या. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालें आहे. तो भाग येथून दूर नाहीं. मोठ्या स्पर्धेच्या दिवसांत शेंकडों गाड्या या वाटेनें जाणार, हें आधीं कळलेलें असतें. त्या चार दिवसांत बचत गटांनीं रस्त्यावर चूल मांडली आणि चव लोकांच्या तोंडीं बसली, तर पुढें तुळजापूरला जाणारा यात्रेकरू आपणहून गाडी थांबवील. मैदान चार दिवसांचें. पण त्यानें लावलेली थांबण्याची संवय वर्षभराची.

या सर्वांच्या मुळाशीं एक गोष्ट आहे आणि ती पैशानें विकत मिळत नाहीं. ती म्हणजे खेळाची पत. ज्या नोव्हेंबरांत धाराशिवला महाराष्ट्र केसरीचें मैदान झालें, त्याच नोव्हेंबरांत पुण्याजवळच्या फुलगांवांतही त्याच नांवाचें मैदान झालें आणि तेथें सिकंदर शेख यांनीं किताब जिंकला. दोन संघटनांच्या वादांतून एका महिन्यांत एकाच किताबाचे दोन मानकरी झाले. मल्लांचा त्यांत दोष नाहीं. दोघेही कष्टानें जिंकले. परंतु परगांवचा प्रेक्षक दोनशें मैल येतो तो महाराष्ट्राचा एक पहिला पैलवान पाहावयास. तो एक कीं दोन अशी शंका त्याच्या मनांत आली, तर पुढच्या वर्षीं तो घरीं बसूनच निकाल ऐकेल. मग लॉज रिकामी राहील, चूल थंड राहील. संघटनांचीं भांडणें कार्यालयांत होतात, पण त्यांचा तोटा रस्त्यावरच्या चहावाल्याला सोसावा लागतो.

म्हणून क्रीडोत्सव मागण्यापूर्वीं जिल्ह्यानें एक साधी वही घालावी. तिच्यांत चार रकाने असावे. बाहेरून माणसें किती आलीं आणि किती रात्रीं राहिलीं, हा पहिला. मैदानाच्या खर्चांतील किती रक्कम जिल्ह्यांतील हातांना मिळाली, हा दुसरा. पाणी किती लागलें आणि पाण्याची कोणती सोय मागें राहिली, हा तिसरा. आणि मैदान उठल्यावर पुढील वर्षभर त्या जागेवर गांवचीं मुलें किती दिवस खेळलीं, हा चौथा. वही खरी लिहिली गेली आणि गांवासमोर वाचली गेली, तर पुढचें मैदान मागावें कीं नाहीं, हें कोणत्याही पुढाऱ्याला विचारावें लागणार नाहीं. जत्रेचे पंच यात्रा संपल्यावर देवळाच्या पायरीवर बसून जमाखर्च वाचून दाखवीत; त्याहून हें वेगळें नाहीं.

दुष्काळी मुलखानें उत्सव करूंच नये, हें म्हणणें निष्ठुर आहे. आणि उत्सव केला कीं दारिद्र्य फिटेल, हें म्हणणें भाबडें आहे. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्यें, जमाखर्चाच्या वहींत आहे. तेरखेड्याचा बाण आकाशांत चढतो, घटकाभर उजेड पाडतो आणि विझतो. लोक वर पाहून टाळ्या वाजवितात. तो करणाऱ्या हातांना त्या रात्रीं पोटभर जेवण मिळालें कीं नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं काम मिळालें कीं नाहीं, यावरच त्या उजेडाची किंमत ठरवावयास हवी.